पिवळ्या दिव्याची मालकी

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला की मीरा-भाईंदरमधल्या गाडीमालकापुढे दोन वाटा असतात. एक अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जाते. तिथे जॉबकार्ड बनते, स्कॅनर लावण्याचे वेगळे पैसे पडतात आणि दुपारी फोनवर बदलायच्या भागांची यादी ऐकवली जाते. यादीतला कोणता भाग खरोखर निकामी झाला आहे, हे पडताळण्याचे साधन मालकाकडे नसते. दुसरी वाट नाक्यावरच्या गॅरेजकडे जाते. तिथला मिस्त्री ओळखीचा असतो, पण दिवा पाहून तोही कित्येकदा म्हणतो, ‘हे शोरूमलाच दाखवा.’ मग पुष्कळ जण दोन्ही टाळतात आणि गाडी चालते आहे तोवर दिवा पेटता ठेवूनच चालवतात. या हतबलतेचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की गाड्या आता संगणकावर चालतात, तंत्रज्ञान महाग आहे, त्यामुळे निदानही महाग असणारच. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. इंजिनाचा पिवळा दिवा कोणत्याही कंपनीने आपल्या गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी शोधून काढलेला नाही. तो सार्वजनिक हवेच्या रक्षणासाठी कायद्याने लावायला भाग पाडलेला दिवा आहे. त्याचा अर्थ वाचणे महाग झाले ते त्या अर्थाला कुलूप लागल्यामुळे. हे नीट समजायचे तर मुंबईच्या आणि तिच्या उत्तर वेशीवरच्या या शहराच्या दुरुस्तीच्या धंद्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवात कुर्ल्यातून करावी लागेल. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट परवान्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. साठच्या दशकातली फियाट ११०० पुढे नाव बदलून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी हे समीकरण तीन-चार दशके टिकले. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. दुरुस्तीच्या दृष्टीने या गाडीचे महत्त्व तिच्या साधेपणात होते. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, वर कार्बोरेटर, बाजूला डिस्ट्रिब्युटर, त्यात पॉइंट आणि कंडेन्सर. गाडीतली सगळी गुपिते बॉनेट उघडल्यावर डोळ्यांना दिसत आणि हाताला लागत. डॅशबोर्डवरचे तांबडे दिवे ऑइलचा दाब पडला किंवा बॅटरी चार्ज होत नाही, एवढेच सांगत. त्यांचा अर्थ टॅक्सीवाल्यापासून हेल्पर पोऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असे आणि तो अर्थ विकत घ्यावा लागत नसे. सुटे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळत. एकच गाडी हजारोंच्या संख्येने एका शहरात धावत असल्यामुळे तिच्या दुरुस्तीची विद्याही शहरभर पसरली होती.

त्या विद्येचे स्वरूप मात्र नीट तपासले पाहिजे, कारण तिच्याविषयी हळहळण्यातच हा विषय बहुतेक वेळा संपतो. इंजिन ‘मिसिंग’ मारत असेल तर उस्ताद ते चालू ठेवून एकेक प्लगची वायर काढून पाहत असे. ज्या प्लगची वायर काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. फीलर गेजने पॉइंटमधले अंतर मोजणे, कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा फुंकून काढणे, टॅपेटचा आवाज ओळखणे ही सगळी कानाने, नाकाने आणि बोटांनी करायची कामे होती. यात खरे कौशल्य होते आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण हे ज्ञान खुले नव्हते. पोऱ्याला आधी काही वर्षे पेट्रोलमध्ये भाग धुवावे लागत, पाने हातात द्यावे लागत. कार्बोरेटरला हात लावायला मिळे तो उस्तादाची मर्जी झाली की. गिऱ्हाइकाला तर निदान पडताळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. उस्ताद म्हणेल तो दोष आणि सांगेल तो खर्च. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने आणि आयटीआयमधल्या मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमाने हे ज्ञान वर्गात आणले, त्याच वर्षी मनोहर जोशींनी दादरमध्ये सुरू केलेल्या कोहिनूरसारख्या संस्थांनी मराठी तरुणांना हाताच्या कामाचे धडे दिले, तरी बिघाड ओळखण्याची कला मुख्यतः कानातच राहिली. म्हणून जुने दिवस चांगले आणि संगणकाने ते बिघडवले, अशी मांडणी मी करत नाही. उलट, संगणकाने ही विद्या पहिल्यांदाच सर्वांना खुली होण्याची संधी निर्माण केली होती आणि ती संधी आपण गमावली, असे माझे म्हणणे आहे.

मीरा-भाईंदर या कथेत येते ते नेमके संक्रमणाच्या काळात. मिठागरे, खाडी, भातशेती आणि उत्तनची कोळीवाडी असलेल्या या भागात १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग इथे आला आणि त्यातल्या अनेकांनी आपली पहिली गाडी, बहुधा जुनी विकत घेतलेली, इथेच उभी केली. दहिसर चेकनाका, काशीमिरा आणि घोडबंदरवरून वर्सोवा पुलाकडे जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग शहराच्या कडेने जातो. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये जाईपर्यंत नाक्यावर ट्रकच्या रांगा लागत. जिथे अवजड गाड्या खोळंबतात तिथे पंक्चरवाला, वायरिंगवाला, पाटे बसवणारा आणि मिस्त्री येऊन बसतातच. शिवाय भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यामुळे लेथ, वेल्डिंग आणि पॉलिशची कारागिरी हाताशी होती. थोडक्यात, दुरुस्तीच्या धंद्याला लागणारे गिऱ्हाईक, रस्ता आणि हात हे तिन्ही या शहराकडे होते. पण हे शहर भरत होते त्याच पंचवीस वर्षांत गाडीच्या बॉनेटखालचे जग बदलत होते आणि त्या बदलाची किल्ली इथल्या गाळ्यांपर्यंत पोचली नाही.

तो बदल सुरू झाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने त्रासलेल्या त्या राज्याने १९६७ मध्ये हवा संसाधन मंडळ स्थापन केले. मंडळाला पुढे एक अडचण जाणवली. गाडी नवी असताना प्रदूषणाची चाचणी पास होते, पण रस्त्यावर चार-पाच वर्षे घालवल्यावर तिचा एखादा भाग निकामी होतो, ती कितीतरी पट अधिक विषारी वायू सोडते आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण गाडी चालत असते. यावर उपाय म्हणून मंडळाने असा नियम केला की गाडीने स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी, बिघाड आढळला तर दिवा लावावा आणि बिघाडाचा कोड स्मरणात ठेवावा. १९८८च्या मॉडेलपासून याची पहिली पायरी आली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व मोटारींना दुसरी आणि अधिक कडक पायरी लागू झाली, तीच आज ओबीडी-२ म्हणून ओळखली जाते. तिच्यात तीन गोष्टी सर्व कंपन्यांना समान करण्यात आल्या: स्टिअरिंगखाली हाताला येईल असे सोळा पिनांचे सॉकेट, कोडची एकच भाषा आणि ती वाचण्याची एकच रीत. त्याच्याही आधी, १९९०च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने उत्सर्जनाशी संबंधित दुरुस्तीची जी माहिती कंपनी आपल्या डीलरला देते, ती दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या कोणालाही दिली पाहिजे, असे बंधन घातले. दिवा आणि त्याचा अर्थ जाणण्याचा हक्क ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. कायदा करणाऱ्यांना उघड दिसत होते की पेटलेला दिवा विझवणे मूठभर दुकानांनाच शक्य असेल, तर बहुतेक दिवे पेटतेच राहतील आणि हवा जशीच्या तशी राहील.

भारतात हाच प्रवास तुकड्यातुकड्यांनी झाला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले, कारण शिसे कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंना निकामी करते. हा कन्व्हर्टर पूर्ण क्षमतेने काम करण्यासाठी एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, असे प्रमाण क्षणाक्षणाला राखावे लागते. कार्बोरेटरला ते जमत नाही. त्यामुळे सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर, तो वाचणारा संगणक म्हणजे ईसीएम आणि त्याच्या हुकमावर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर येणे अटळ होते. २०००च्या सुमारास मारुती ८००मध्येही एमपीएफआय इंजिन आले, तेव्हा नाक्यावरच्या गॅरेजला पहिला धक्का बसला. पुढचा आराखडा गोव्यातल्या माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००२ मध्ये दिला. त्यावर आधारलेले वाहन-इंधन धोरण २००३ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार २००५ मध्ये अकरा मोठ्या शहरांत भारत स्टेज-३ आणि १ एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर यांच्यासह तेरा शहरांत भारत स्टेज-४ आले. स्टेज-४च्या गाड्यांना २०१० पासून ओबीडीची पहिली आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरी पायरी बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर स्टेज-६ लागू झाले. म्हणजे कॅलिफोर्नियाचा दिवा बावीस वर्षांनी आपल्या डॅशबोर्डवर कायद्याने आला. त्याच्यासोबत यायला हवा होता तो माहितीचा हक्क मात्र बाजारात उतरला नाही.

याचा परिणाम समजण्यासाठी सॉकेटमधून नेमके काय बाहेर येते ते पाहिले पाहिजे. संगणक मिसिंग ओळखतो तो जुन्या उस्तादाच्याच तत्त्वावर: क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग एखाद्या सिलिंडरच्या पाळीला किंचित मंदावतो का, हे तो मोजतो. मंदावला तर पी-०३०० किंवा त्या सिलिंडरच्या क्रमांकाचा कोड नोंदतो. मिसिंग इतके वाढले की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळेल, तर दिवा नुसता पेटत नाही, लुकलुकतो. अशा वेळी गाडी चालवत राहणे म्हणजे मोठ्या खर्चाला आमंत्रण असते. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर असलेल्या दोन सेन्सरांची तुलना करून त्याची क्षमता घटली की पी-०४२० येतो. हे कोड सर्व कंपन्यांना समान आहेत. ते वाचणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आज हजार-दोन हजार रुपयांत मिळतो आणि मोबाइलवर कोड दाखवतो. उस्तादाच्या कानात बंद असलेली गोष्ट अशी कोणाच्याही हातात आली. पण समान भाषा एवढ्यावरच संपते. एबीएस, एअरबॅग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चावीचे कोडिंग, इंजिनाच्या खोलवरच्या चाचण्या आणि नवा भाग बसवल्यावर तो संगणकाला ओळखायला लावणे, या सगळ्यासाठी प्रत्येक कंपनीची स्वतःची भाषा असते. ती बोलणारा स्कॅनर, वायरिंगचे आराखडे आणि तपासणीची क्रमवार पुस्तके डीलरकडे असतात. काशीमिऱ्यातला मिस्त्री कोड वाचतो, पण त्यापुढच्या तपासणीचा आराखडा त्याच्याकडे नसतो. तो अंदाजाने सेन्सर बदलतो, दिवा पुन्हा पेटतो आणि मालक म्हणतो की बाहेरच्या लोकांना नव्या गाड्या कळत नाहीत. ज्या अज्ञानाचा दाखला देऊन माहिती रोखली जाते, ते अज्ञान ती माहिती रोखल्यामुळेच टिकून राहते.

हे नुसते अनुमान नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याची दखल घेतलेली आहे. जानेवारी २०११ मध्ये एका नागरिकाने आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. तीन कंपन्यांपासून सुरू झालेली चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने देशातल्या १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत देशी, जपानी, जर्मन, अमेरिकन अशा सगळ्या प्रकारच्या कंपन्या होत्या, म्हणजे हा एखाद्याच कंपनीचा लोभ नव्हता, ती साऱ्या उद्योगाची रीत होती. आयोगाचा युक्तिवाद सरळ होता. गाडी घेताना ग्राहकाला निवड असते, पण घेतल्यानंतर त्या गाडीचे भाग, साधने आणि माहिती यांच्या बाबतीत तो एकाच कंपनीशी बांधला जातो, म्हणून प्रत्येक ब्रँडची दुरुस्ती हीच एक स्वतंत्र बाजारपेठ ठरते आणि तिथे कंपनीचे वर्चस्व पूर्ण असते. त्या वर्चस्वाचा गैरवापर झाला, असे आयोगाने ठरवले. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या दुरुस्तीकारांना उपलब्ध करावीत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे त्याने बजावले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलांत निष्कर्षाचा गाभा कायम ठेवला, दंड मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता आणून कमी केला. त्यानंतर प्रकरण वरच्या न्यायालयांत रेंगाळत राहिले. दहा वर्षांत गाड्यांची एक पिढी बदलते, न्यायालयातली तारीख मात्र पुढे सरकत राहते. विलंबाचा फायदा आपोआप कोणाच्या पदरात पडला, हे वेगळे सांगायला नको.

कंपन्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्याचा अंश आहे. त्यांचा पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. ब्रेक, एअरबॅग किंवा स्टिअरिंगच्या संगणकात अर्धवट शिकलेल्या माणसाने हात घातला तर जिवावर बेतेल, हे खरे आहे. पण हाच मुद्दा पुढे नेला तर उलटा निष्कर्ष निघतो. वॉरंटी संपलेल्या लाखो गाड्या खर्च परवडत नाही म्हणून बाहेरच दुरुस्त होतात, उद्याही होतील. त्या दुरुस्त करणाऱ्याकडे कंपनीचे तपासणी-पुस्तक असणे अधिक सुरक्षित की नसणे? ब्रेकचे काम पद्मिनीच्या काळातही बाहेरच होत होते आणि ब्रेक तेव्हाही जीव वाचवत किंवा घेत होता. प्रशिक्षणाची उणीव असेल तर उत्तर प्रशिक्षण हे आहे. आयोगानेही हेच सांगितले आणि युरोपने तर ते कायद्यात लिहिले. तिथल्या २००७च्या नियमावलीने स्वतंत्र दुरुस्तीकारांना दुरुस्तीची माहिती प्रमाणित स्वरूपात आणि भेदभाव न करता देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. तिथे या माहितीसाठी कंपनी वाजवी शुल्क घेऊ शकते. माहिती फुकट वाटा, असे कोणीच म्हणत नाही. उत्सर्जनाच्या मर्यादा आपण युरोपच्या धर्तीवर घेतल्या, त्या मर्यादा पाळता याव्यात म्हणून तिथे केलेली व्यवस्था मात्र घेताना हात आखडता घेतला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो प्रामाणिक सर्व्हिस सेंटरांकडून येतो. कोड वाचणे म्हणजे निदान नव्हे, असे ते म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. ताप मोजला म्हणजे रोग कळला असे होत नाही. पी-०४२० आला म्हणून कन्व्हर्टर बदलणे ही महागडी चूक ठरू शकते. मागचा सेन्सर आळसावला असेल, नळीला चीर पडून बाहेरची हवा आत जात असेल किंवा जुन्या मिसिंगने कन्व्हर्टर खरोखर जळला असेल. कोड तिन्ही वेळा तोच. मीरा-भाईंदरच्या हवामानात तर तारांचे दोष नेहमीचेच: खाडीच्या खारट दमट हवेने कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवा थर, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर सेन्सरमध्ये शिरलेले पाणी, इमारतीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेली वायर. अशा वेळी स्कॅनर सेन्सरचे नाव घेतो आणि दोष असतो तारेत. तो शोधायला मल्टिमीटर, आराखडा, धीर आणि तास-दोन तास लागतात. त्या तासांचे पैसे मिस्त्रीला आणि सर्व्हिस सेंटरला दोघांनाही मिळालेच पाहिजेत. निदान हे कुशल श्रम आहे आणि ते फुकट मागण्याची आपली सवयही वाईट आहे. तपासणीचे दोनशे रुपये नाकारणारे गिऱ्हाईकच अंदाजाने भाग बदलण्याच्या धंद्याला खतपाणी घालते. पण श्रमाचा मोबदला आणि कुलपाचा मोबदला या वेगळ्या गोष्टी आहेत. चार जणांना तीच माहिती मिळत असताना एखाद्याने आपल्या कौशल्याचे अधिक पैसे घेतले तर ती त्याची कमाई. माहिती एकाकडेच असल्यामुळे घेतलेले पैसे मात्र ग्राहकाच्या नाइलाजातून आलेले असतात. आज सर्व्हिस सेंटरच्या बिलात या दोन्ही रकमा एकत्र असतात आणि स्पर्धा आल्याशिवाय त्या वेगळ्या होणार नाहीत.

तिसरा आक्षेप फसवणुकीचा आणि चोरीचा आहे. स्कॅनर सर्वांच्या हाती गेला की जुन्या गाडीचा विक्रेता दिवा पुसून गाडी खपवेल आणि चावीचे कोडिंग खुले झाले की चोरांचे फावेल, अशी भीती घातली जाते. पहिल्या भीतीवर उपाय यंत्रणेतच आहे. कोड पुसले की गाडीच्या स्व-चाचण्यांच्या नोंदीही कोऱ्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. खरेदी करणाऱ्याने स्कॅनर लावून त्या नोंदी पाहिल्या तर नुकताच दिवा पुसल्याचे लगेच उघड होते. जुन्या गाड्यांचा एवढा मोठा ग्राहक असलेल्या शहरात हे साधे ज्ञान हजारो कुटुंबांचे पैसे वाचवेल. चोरीची भीती खरी आहे, म्हणून चावी आणि इमोबिलायझरची माहिती ओळख पटवून, नोंदणी करून द्यावी. अमेरिकेत नोंदणीकृत कुलूपतज्ज्ञांसाठी अशी व्यवस्था आहे. एका दालनाला पहारा लागतो म्हणून सगळा वाडा बंद ठेवण्याचे समर्थन होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मतदारांनी २०१२ मध्ये मोठ्या बहुमताने दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला आणि दोन वर्षांत मोटार उद्योगाने तीच तत्त्वे अमेरिकाभर मान्य करणारा करार केला. त्यानंतर तिथला मोटार उद्योग बुडाला नाही, डीलरांची दुकानेही बंद पडली नाहीत.

भारतात या दिशेने सरकारी पाऊल पडले ते जुलै २०२२ मध्ये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर कंपनीने स्वेच्छेने ठेवलेली ग्राहक-पुस्तिका आणि मिस्त्रीला लागणारा वायरिंगचा आराखडा यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कायद्यानेच भरता येईल आणि तो कायदा ग्राहक-सोयीच्या नव्हे, प्रदूषणाच्या नियमांत घालावा, असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण इतिहासातच आहे. दिवा आला तो हवेसाठी. पीयूसी केंद्रात गाडी जागेवर उभी करून काही मिनिटांपुरता धूर मोजला जातो. ओबीडी गाडी धावत असताना, चढावर, गर्दीत, थंड इंजिनावर सतत पहारा देते. घोडबंदर रस्त्यावर आणि दहिसर नाक्यावर तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांपैकी ज्यांचा पिवळा दिवा पेटलेला आहे, त्यांच्या धुराचा जाच गाडीमालकापुरता राहत नाही. तो काशीमिऱ्याच्या रस्त्याकडेला राहणाऱ्या, कधी गाडी न घेणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जातो. त्या माणसाच्या वतीने दिव्याचा अर्थ खुला करण्याची मागणी करण्याचा हक्क सरकारला आहे, आणि ते सरकारचे कर्तव्यही आहे.

म्हणून मागणी नेमकी करता येते. नव्या मॉडेलला प्रमाणपत्र देताना उत्पादकाने उत्सर्जनाशी संबंधित प्रत्येक कोडची तपासणी-पद्धत आणि वायरिंगचे आराखडे वाजवी शुल्कात सर्वांना उपलब्ध केले आहेत, ही अट घालावी. पुण्याची एआरएआय १९६६ पासून वाहन-तंत्राच्या चाचण्या आणि संशोधन करते आहे. या अटीची तपासणी तिच्यासारख्या संस्थेच्या आवाक्याबाहेरची नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमात स्कॅनर आणि ऑसिलोस्कोप घेऊन दोष शोधण्याचे प्रात्यक्षिक मुख्य विषय असावे. २०२५ मध्ये एमएच-५८ हा स्वतंत्र क्रमांक मिळालेल्या मीरा-भाईंदरच्या आरटीओने गाडीच्या हस्तांतरणाच्या वेळी सॉकेटमधल्या नोंदींचा कागद जोडण्याची पद्धत सुरू केली, तर या शहरापासून तिचा प्रारंभ होऊ शकेल. ग्राहकानेही आपल्याकडून बिलावर कोड लिहून मागावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि तपासणीचे पैसे न कुरकुरता द्यावेत. यांतले एकही पाऊल अशक्य कोटीतले नाही. कुर्ल्याच्या कारखान्याने एका साध्या गाडीच्या जोरावर दुरुस्तीची विद्या शहरभर पसरवली, तेव्हा ती उस्तादाच्या कानात अडकून होती. आज तीच विद्या अंकांत लिहिलेली आहे, मोजता येते, शिकवता येते, पडताळता येते. जे ज्ञान इतके वाटण्याजोगे झाले आहे, ते मूठभरांच्या ताब्यात ठेवण्यासाठी आता तंत्रज्ञानाचे कारण पुढे करता येत नाही. ते फक्त धोरण उरते, आणि धोरण नागरिकांनी आग्रह धरला तर बदलता येते.